हळू आवाजातली गाणी

कॉलेजची तिजोरी रिकामी झाली म्हणून मुलांना गायला गावोगाव न्यायचं, ही कल्पना १८७१ साली नॅशव्हिलमध्ये फारशी कुणाला पटली नव्हती. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं हे शहर. तिथलं फिस्क विद्यापीठ तेव्हा नावापुरतंच विद्यापीठ होतं. यादवी युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, अशा वेळी, १८६६ च्या जानेवारीत, सैन्याने सोडून दिलेल्या इस्पितळाच्या लाकडी बराकींत ते सुरू झालं. जनरल क्लिंटन फिस्क यांनी त्या बराकी मिळवून दिल्या, म्हणून संस्थेला त्यांचं नाव. शिकायला येणारे कालपरवापर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. सात वर्षांचं पोर आणि सत्तरीतला म्हातारा एकाच वर्गात मुळाक्षरं गिरवत. गुलामांच्या जुन्या कोंडवाड्यात सापडलेल्या गंजक्या बेड्या भंगारात विकून त्या पैशांतून शब्दलेखनाची पुस्तकं आणली, अशी हकिगत फिस्कच्या इतिहासात सांगितली जाते.

पाच वर्षांत बराकी कुजल्या. घेणेकरी दाराशी आले. संस्था चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी असोसिएशनचा हातही आखडला होता. त्या वेळी खजिनदाराच्या जागी जॉर्ज व्हाइट हा गोरा शिक्षक होता. लोहाराचा मुलगा, गेटिसबर्गच्या लढाईत लढलेला, आणि गाण्याचं वेड असलेला. हिशेब लिहून झाले की तो मुलांना गाणं शिकवायचा. पैसा कुठून येणार आणि मुलांचे गळे कसे आहेत, हे दोन्ही ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता. त्याने ठरवलं की निवडक मुलं घेऊन उत्तरेत जायचं, वाटेत कार्यक्रम करायचे, थेट न्यूयॉर्कपर्यंत पोहोचायचं आणि वीस हजार डॉलर घेऊन परत यायचं. असोसिएशनने या खुळाला पाठबळ द्यायचं नाकारलं. मुलांच्या आईवडिलांनाही धास्ती होती. ज्या मुलखातून नुकते सुटलो त्याच्या रस्त्यांवरून पोरांना गाडीत बसवून पाठवायचं, हे सोपं नव्हतं. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लानचा जन्मच टेनेसीतला. निघालेल्या मुलींपैकी मॅगी पोर्टर गावाबाहेरच्या ज्या शाळेत शिकवायची, ती शाळा क्लानवाल्यांनी जाळली होती.

६ ऑक्टोबर १८७१ रोजी ही मंडळी निघाली. मूळच्या चमूत नऊ नावं सांगतात. सगळ्यांत लहान मिनी टेट चौदा वर्षांची. बेंजामिन होम्स लहानपणी दुकानांवरच्या पाट्या पाहून वाचायला शिकला होता. चार्ल्स्टनच्या कोंडवाड्यात विक्रीसाठी डांबलेलं असताना त्याने लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा बाकीच्या कैद्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. थॉमस रटलिंगला आईची आठवण होती ती तिला विकून नेलं त्या वेळची. आणि एला शेपर्ड. ती पियानो वाजवायची, तालमी घ्यायची, फिस्कची पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका होती आणि तेव्हा विशीतच होती.

एलाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते या प्रवासाचा कणा व्हाइट नव्हे, ती होती. मालकिणीने लहानग्या एलाला आईच्या चहाड्या सांगायला शिकवलं, हे आईला कळलं. तेव्हा पोरीसकट नदीत उडी घ्यायला ती निघाली होती. वाटेत एका म्हाताऱ्या बाईने तिला मागे फिरवलं. पुढे बापाने ३५० डॉलर मोजून मुलीला सोडवलं, आई मात्र गुलामीतच राहिली. सिनसिनाटीत एक शिक्षिका एलाला गाणं शिकवायला तयार झाली, पण अटीवर: रात्री उशिरा यायचं, मागच्या दाराने यायचं आणि कुणाला सांगायचं नाही. १८६८ साली ती फिस्कमध्ये आली तेव्हा तिच्याजवळ सहा डॉलर होते.

चमूने बरोबर काय नेलं, हे बघण्यासारखं आहे. ठरलेला कार्यक्रम गोऱ्या घरांतल्या दिवाणखान्यांत शोभावा असा होता. देशभक्तिपर गाणी, भावगीतं, चर्चमधली वृंदगानं. आम्हीही तुमच्यासारखंच शिकलो आहोत, हे दाखवणारा. यात गैर काहीच नव्हतं, शिकलेल्या पहिल्या पिढीला हे दाखवावंसं वाटणारच. दुसरी गाणी त्यांच्याकडे होती, पण ती मंचावर गायची नव्हती. शेतात, रात्रीच्या चोरून भरलेल्या प्रार्थनेत, प्रेताशी बसून आईबापांनी म्हटलेली ती गाणी. गुलामीच्या आठवणी त्यांना चिकटलेल्या होत्या आणि घरच्यांना ती पवित्र होती. एला शेपर्डनेच पुढे लिहून ठेवलंय की परक्यांसमोर ती म्हणण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता. फिस्कमध्ये ती दारं-खिडक्या लावून म्हटली जात, आणि व्हाइटला ती तिथेच ऐकायला मिळाली. तो मागे लागला, एलाने साथ दिली. हळूहळू एकेक गाणं कुणाच्या ना कुणाच्या आठवणीतून निघालं. पण सुरुवातीला त्यांची जागा कार्यक्रमाच्या शेवटी, एखाददुसरं, वेळ उरला तर.

ओहायोतले पहिले आठवडे फार वाईट गेले. त्याच सुमारास शिकागो जळालं. सुरुवातीच्या एका कार्यक्रमाची मिळकत पन्नास डॉलरच्या आतबाहेर होती आणि ती सगळी या मुलांनी शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकली. स्वतःकडे गाडीभाडं नव्हतं, थंडीचे कपडे धड नव्हते. चिलिकॉथी गावात दोन हॉटेलांनी जागा नाकारली. तिसऱ्याच्या मालकाने ठेवून घेतलं, पण जेवण इतर पाहुण्यांच्या वेळेला नाही, आधी किंवा नंतर. टाळ्या मिळायच्या, झोळीत मात्र चिल्लर. लोक विचारायचे की तुम्ही विनोद कधी करणार?

त्या प्रश्नामागे एक अख्खा धंदा उभा होता. अमेरिकेत तेव्हा मिन्स्ट्रेल शो तुफान चालत. गोरे नट बुचाच्या काजळीने तोंड काळं करून, ओठ रंगवून, काळ्या माणसाच्या बोलण्याची आणि गाण्याची टर उडवत. उत्तरेतल्या शहरांत पुष्कळांनी काळ्यांचं म्हणून जे संगीत ऐकलं होतं, ते हेच. नुवार्कमध्ये तर एका हॉटेलवाल्याने याच समजुतीने जागा दिली होती. ही काजळी फासणाऱ्यांची कंपनी नाही, माणसंच काळी आहेत, असं कळताच त्याने सगळ्यांना बाहेर काढलं.

ओबर्लिनला नोव्हेंबरात काँग्रिगेशनल चर्चच्या प्रतिनिधींची मोठी परिषद भरली होती. कार्यक्रमपत्रिकेत या मुलांना जागा नव्हती. कामकाजाच्या मधल्या वेळात, सभागृहाच्या सज्ज्यातून, त्यांनी एक गाणं सुरू केलं: ‘स्टील अवे’. गुलामांच्या वस्तीत हे गाणं रात्रीच्या गुप्त बैठकीची खूण म्हणून म्हटलं जाई, असं सांगतात. शब्द वरकरणी येशूकडे निघून जाण्याचे, आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळायचा की आज रात्री जमायचं आहे. अर्थात असं गाणं मोठ्याने म्हणण्यात काही मतलबच नसतो. ते जवळजवळ कुजबुजीतूनच सुरू होतं. खाली बोलणारे प्रतिनिधी एकेक करत गप्प झाले आणि मान वर करून आवाज कुठून येतोय ते शोधू लागले.

इथून दौऱ्याचं गणित बदललं, असं मला वाटतं. पैशांत नाही, ते अजून दूर होतं. मुलांच्या लक्षात आलं की लोकांना ऐकायचंय ते आपण लपवून ठेवलेलं. आणि व्हाइटची शिकवण नेमकी इथे कामी आली. त्याला गडगडाट नको होता. आवाज जितका लहान, तितका तो भरीव हवा. नऊ गळ्यांतला एकही वेगळा ओळखू येता कामा नये, आणि शेवटच्या बाकावरच्या माणसालाही शब्द कळला पाहिजे. हे करायला गाणाऱ्यांना एकमेकांना ऐकावं लागतं. समोर काठी हलवणारा कुणी नसायचा. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत आणि इशारा त्यांच्यातूनच येई. आजही फिस्कचे गायक निर्देशकाशिवाय गातात. नीट पाहिलं तर कळतं की सगळ्यांचा श्वास एकदम आत जातो, आणि त्यामुळेच पहिला सूर एकदम लागतो. समूहात गायलेल्या कुणालाही विचारा, जोरात एकत्र गाणं सोपं, हळू एकत्र गाणं महाकठीण.

गाण्यांची घडण त्याला अनुकूल होती. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलायची. आपल्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी सूर धरतात, तसंच काहीसं. पाचच स्वरांत फिरणाऱ्या चाली पुष्कळ. थिओडोर स्यूअर्ड यांनी १८७२ मध्ये त्यातली काही नोटेशनसह छापली, म्हणून ती लेखी स्वरूपात टिकली. पण सुरांमधल्या ज्या बारीक जागांवरून आवाज घसरतो, त्या पाच रेघांवर मांडता येत नाहीत, हे छापलेला कागद समोर ठेवून गायचा प्रयत्न केला की लगेच उमगतं.

कोलंबसमध्ये चमूला नाव मिळालं. परतावं की पुढे जावं, यावर चर्चा झाली होती. रात्रभर प्रार्थना करून व्हाइट सकाळी आला आणि म्हणाला की आपण ‘जुबिली सिंगर्स’. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळं करायचं वर्ष येतं, ते जुबिलीचं वर्ष. गुलामीत जन्मलेल्या मुलांना हे नाव समजावून सांगायची गरज नव्हती.

डिसेंबरात ते न्यूयॉर्कला पोहोचले. एवढं मोठं शहर आणि ओळख जवळजवळ कुणाचीच नाही. उतरायची सोय मिशनरी असोसिएशनच्या चिटणिसांच्या घरी, ब्रुकलिनमध्ये. तिथल्या प्लिमथ चर्चचे धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर म्हणजे त्या काळात देशभर गाजलेलं नाव. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो त्यांच्या बहीण. युद्धापूर्वी याच चर्चमध्ये बीचर यांनी गुलाम मुलींना व्यासपीठावर उभं करून, श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून, त्यांना सोडवलं होतं. त्यांनी शुक्रवारच्या प्रार्थनेला मुलांना गायला बोलावलं, मग २७ डिसेंबरला रीतसर कार्यक्रम ठेवला. स्वतःचे खिसे रिकामे केले आणि लोकांनाही तसंच करायला सांगितलं.

दुसऱ्या बाजूने ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ने बातमीला मथळा दिला, तो ‘बीचरचे निग्रो मिन्स्ट्रेल’ अशा अर्थाचा. म्हणजे पुन्हा काजळीच. पण मोठ्या शहराचं हेही खरं की टिंगलही जाहिरात होते. एका चर्चमधून दुसऱ्या चर्चचं आमंत्रण आलं, उपदेशकांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली, आणि काही आठवड्यांत दारं उघडत गेली. न्यूयॉर्कहून कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स. हार्टफर्डला मार्क ट्वेन यांनी त्यांना ऐकलं. मळ्यांवरच्या गुलामांचं गाणं लहानपणी जवळून ऐकलेला हा माणूस. १८७३ मध्ये चमू इंग्लंडला निघाला तेव्हा ट्वेन यांनी लंडनला शिफारसपत्र धाडलं, त्याचा आशय असा की खरं गाणं यांच्याकडे आहे, मिन्स्ट्रेलवाले करतात ती नुसती विटंबना. मार्च १८७२ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये भेट दिली.

आणि परतीच्या वाटेवर, लुइव्हिल स्टेशनवर, पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षागृहातून त्यांना बाहेर काढण्यात आलं. बाहेर टोमणे मारायला गर्दी जमली होती. जवळ वीस हजार डॉलर होते.

त्या पैशांतून कर्ज फिटलं आणि फोर्ट गिलेम ही युद्धातल्या किल्ल्याची उंचावरची जागा विकत घेतली गेली. १ जानेवारी १८७६ रोजी तिथे जुबिली हॉलचं उद्घाटन झालं. ती इमारत आजही उभी आहे.

१८७३ च्या वसंतात ते इंग्लंडला गेले. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी पुढाकार घेतला, राणी व्हिक्टोरियाने ऐकलं, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी घरी बोलावलं. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपले शूद्रातिशूद्र बांधवही असेच मोकळे व्हावेत, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. लंडनमध्ये गाणाऱ्या एलाला पुण्याच्या या पुस्तकाची खबर असणं शक्य नव्हतं. पण जोतीराव ज्या मुक्तीकडे डोळे लावून बसले होते, तिचा पुढचा अंक ही मुलं जगत होती: मोकळं झाल्यावर शाळा कोण बांधणार, आणि कशाच्या जोरावर? जोतीरावांचंही सारं आयुष्य शाळेभोवतीच फिरत होतं.

किंमत मात्र माणसांनी मोजली. सात वर्षं जवळजवळ अखंड दौरे, आज या गावी, उद्या त्या गावी. व्हाइटची बायको लॉरा १८७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये वारली, त्याचं स्वतःचं फुफ्फुस पोखरलं गेलं. आवाज बसले, आजारपणं आली, आपसात खटके उडाले. १८७८ साली जर्मनीत हॅम्बर्गला हा चमू विसर्जित झाला, तोवर दीड लाख डॉलर फिस्कला पोहोचले होते. ज्या विद्यापीठासाठी गायले, तिथलं बहुतेकांचं शिक्षण अर्धवटच राहिलं. याबद्दल जितकं लिहायला हवं तितकं लिहिलं गेलेलं नाही. इमारतीचे फोटो पुस्तकात येतात, पण विटांचा पैसा देणाऱ्यांच्या हाती पदवी आली नाही, हे तळटिपेत जातं. चमूतले आयझॅक डिकर्सन आणि रटलिंग इंग्लंडातच राहिले, तिथेच वारले. एलाने मात्र एक गोष्ट साधली. युद्धानंतर तिने मिसिसिपीत आईला शोधून काढलं, नॅशव्हिलला आणलं आणि स्वतःच्या कमाईच्या घरात ठेवलं.

गाणी पुढे चालू राहिली. फ्रेडरिक लाउडिन या गायकाने स्वतंत्र चमू बांधला आणि १८८४ ते १८९० अशी सहा वर्षं जगभ्रमण केलं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड करत ते भारतातही आले. ताजमहालाच्या घुमटाखाली त्यांनी गायल्याची नोंद आहे. त्या घुमटात सूर किती वेळ रेंगाळतो हे ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हळू गाणाऱ्या या मंडळींचा मोह समजेल.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस १८८८ साली फिस्कमधून पदवीधर झाले. ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या १९०३ च्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्यांनी या गाण्यांचे सूर छापले आणि शेवटचं प्रकरण त्यांनाच वाहिलं. या दुःखगीतांना त्यांनी अमेरिकेचं खरं संगीत म्हटलं. याच डुबॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि अस्पृश्यांचा प्रश्न तसाच तिथे नेण्याचा विचार कळवला. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं.

एक वाद मात्र टाळता येणार नाही. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी १९३४ मध्ये ठणकावून सांगितलं की मंचावर गायली जातात ती खरी स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामांची धर्मगीतं, नव्हेतच. खरी गाणी चर्चमध्ये, दर वेळी नव्याने, ओबडधोबड, पायांच्या ठेक्यावर होतात. मंचावर येतात ती घासूनपुसून गुळगुळीत केलेली. यात तथ्य आहे. व्हाइटने ठेका काढला, टाळ्या काढल्या, गोल धरून फिरणं काढलं आणि युरोपीय कानाला पटतील असे सूर एकमेकांवर रचले. तरीही हर्स्टन यांच्या बाजूने पूर्ण उभं राहणं मला जमत नाही. समोरच्या लोकांनी आयुष्यभर मिन्स्ट्रेलवाल्यांचं थिल्लर नाच-गाणंच पाहिलेलं असताना, अंग न हलवता, सरळ उभं राहून, हळू आवाजात गाणं, यात गोऱ्यांचं अनुकरण होतं तसा ठाम नकारही होता. आम्ही तुमच्यासाठी नाचणार नाही, तुम्ही गप्प बसून ऐकायचं. आणि ही गाणी मंचावर आली नसती तर त्यातली किती टिकली असती, याचा विचार हर्स्टन यांच्या युक्तिवादात कमी पडतो.

१९०९ मध्ये फिस्कच्या जॉन वर्क यांच्या चौकडीने ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’ रेकॉर्ड केलं. ते आज सहज ऐकायला मिळतं. खरखर खूप आहे, चारच पुरुषांचे आवाज आहेत, मूळ चमूतल्या मुली त्यात नाहीत. पण वरचा आवाज ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात, तिथली सफाई आजच्या ध्वनिमुद्रणांतही क्वचित ऐकू येते.

फिस्कमध्ये ६ ऑक्टोबर हा जुबिली डे म्हणून दर वर्षी साजरा होतो. १९९४ पासून गायकवृंद सांभाळणारे पॉल क्वामी मूळचे घानाचे, स्वतः याच वृंदात गायलेले. त्यांच्या देखरेखीखाली दीडशे वर्षांच्या निमित्ताने निघालेल्या अल्बमला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळालं. पुढच्याच वर्षी ते वारले. वृंदातली मुलं अजूनही शिकता शिकता दौरे करतात. फरक इतकाच की आता ती परत येऊन परीक्षा देतात आणि पदवी घेतात.